सत्तेचाळीस नंबरची बाई

“निष्ट मिटे,” ईप्सिता पुटपुटली.

तक्रार कुणाला ऐकू जावी म्हणून केलेली नव्हती. पण कुसुमताई तिच्या मागे स्टुलावर बसून तिचे केस विंचरत होत्या, त्यांचा कान नातीच्या गालापासून वीतभरही लांब नव्हता, आणि सत्त्याऐंशी दिवसांत एवढं जर्मन त्यांना कळायला लागलं होतं. निष्ट म्हणजे नको. मिटे म्हणजे मध्ये. मधला भांग नको.

“मग कुठं पाडू, बाई?”

साडेसात वर्षांच्या नातीने मागे न बघताच आजीच्या हातून कंगवा घेतला, डाव्या भुवईच्या वर त्याचं टोक टेकवलं आणि मागे सरळ रेघ ओढली. आरसा नाही, चाचपडणं नाही.

कुसुमताईंचा हात हवेतच राहिला. रोज पोरीचे केस सून विंचरायची, त्यामुळे भांगाकडे त्यांचं कधी नीट लक्षच गेलं नव्हतं. डावीकडे भांग पाडणारी एकच बाई त्यांच्या घरात होऊन गेली होती, आणि त्यावरून त्या तिला कमी बोलल्या नव्हत्या. “अगं, सवाष्ण बाई तू, भांगात कुंकू भरायचं तर काय कानावर भरणार?” तर ती हसायची. म्हणायची, “आई, मधे पाडला की माझं नाक मोठं दिसतं हो.”

शैला. त्यांची पहिली सून. ईप्सिताची आई.

हे नाव कुसुमताईंनी मनातसुद्धा हळूच घेतलं. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेत नसे. खिडकीतून केमिकल कंपनीच्या चिमण्या दिसत, भिंतीवर घड्याळ होतं, कचरा कुठला कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा त्याचा तक्ता होता, फोटो मात्र एकही नव्हता. सगळे फोटो त्यांच्या मुलाने, पुष्करने, एका खोक्यात भरून तळघरात, केलरमध्ये नेऊन ठेवले होते. कुसुमताई एकदा बटाटे आणायला म्हणून खाली गेल्या तेव्हा त्यांना ते खोकं दिसलं. चिकटपट्टी लावलेलं. वर लिहिलं होतं, ‘इतर’.

चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी शैला ओट्याशी उभी असताना खाली बसली ती उठलीच नाही. डोक्यात रक्त उतरलं होतं. शुक्रवारी सगळं संपलं. ईप्सिता तेव्हा साडेतीन वर्षांची, शेजारच्या बाईंकडे ठेवलेली. कुसुमताई कऱ्हाडहून धावतपळत आल्या, आणि आल्या त्याच संध्याकाळी पोरीने त्यांच्या पदराला धरून विचारलं, “आई कुठंय?” पुष्कर न्हाणीघरात नळ सोडून बसला होता. उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं. आपल्या घरांतून लहान मुलांना जे सांगतात तेच कुसुमताईंनी सांगितलं.

“आई गावाला गेलीय.”

“कधी येणार?”

“येईल हं.”

पुढे तीन आठवड्यांनी शैलाच्या अस्थी त्यांनीच नेल्या. तीन शिक्क्यांचे कागद आणि मांडीवर पिशवी. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर सोडल्या. विमानात त्या स्वतःला समजावत होत्या, की आपण खोटं कुठं बोललो, गावालाच तर नेतोय तिला. असल्या समजुती विमान जमिनीला लागेपर्यंत टिकतात. पोर सहा महिने विचारत राहिली, मग विचारायची थांबली. मोठ्यांनी त्याचा अर्थ लावला, विसरली. मोठ्यांना सोयीचा अर्थ लवकर सापडतो.

“झालं?” ईप्सिताने जर्मनमध्ये विचारलं. “मै वाट बघतेय.”

मै म्हणजे मैत्रेयी, पुष्करची दोन वर्षांपूर्वी झालेली बायको. आज शनिवार होता आणि ती सगळ्यांना हायडेलबर्गला घेऊन जाणार होती. तिथल्या विद्यापीठात ती जुन्या रोमन बायकांच्या पुतळ्यांवर पीएच.डी. करत होती. रोमन म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, आणि बायका म्हणजे मोठ्या घरच्या, ज्यांच्या नवऱ्यांना संगमरवर परवडायचा. त्यातल्या एका डोक्याचा नंबर होता सत्तेचाळीस. ‘आज सत्तेचाळीसने दमवलं’, ‘सत्तेचाळीसच्या कानाचं काहीतरी गूढ आहे’, असं जेवताना रोज निघायचं. नणंद असती तर तिच्याबद्दलसुद्धा इतकं बोलणं झालं नसतं.

“झालं,” कुसुमताईंनी डावीकडचा भांग नीट केला आणि दोन वेण्या बांधल्या. सोमवारी त्यांचं विमान होतं. नव्वद दिवसांचा व्हिसा, त्याच्या वर एक दिवस नाही.

या सोमवारचीच त्यांना धास्ती होती. गुरुवारी त्यांनी बॅग भरायला काढली, तर तळाशी आधीच काहीतरी ठेवलेलं. छोटा कंगवा, दोन क्लिपा, एक मोज्यांचा जोड, दात घासायचा ब्रश. आणि घडी घातलेलं चित्र. एक घर, एक नदी, दारात एक बाई. बाईच्या डोक्यावरची रेघ डावीकडे.

“हे काय गं, ईप्सू?”

“मोंटाग,” ईप्सिता म्हणाली. सोमवार. आणि मग जरा वेळाने, आजीला कळलं नसावं म्हणून, मोठ्या कष्टाने मराठीत, “तू गावाला जाणार ना. मी पण.”

कुसुमताईंनी ते सामान जिथे होतं तिथेच ठेवलं आणि वर साडी घातली.

शुक्रवारी ओट्याशी त्यांनी पुष्करला गाठलं.

“अरे, पोरीला वाटतंय तिची आई कऱ्हाडला आहे.”

पुष्कर डबा पुसत होता. तो पुसतच राहिला. “आई, तिला काही आठवत नाही. साडेतीन वर्षांची होती.”

“तिनं बॅगेत कंगवा ठेवलाय.”

“मुलं ठेवतात काहीही. आल्झो... म्हणजे, हे बघ, आता कुठे सगळं बसतंय. शाळा नीट चाललीय, मैत्रेयीशी जमलंय. कशाला उकरायचं?”

“मग सोमवारी विमानतळावर ती माझा हात धरून चालायला लागली, की काय सांगू?”

“सांग, उन्हाळ्याच्या सुट्टीत ये म्हणून.”

चार वर्षांपूर्वी ‘येईल हं’ म्हणणाऱ्या बाईने त्याला आता कुठल्या तोंडाने रागवायचं? डबा कधीचाच कोरडा झाला होता, तो तरी त्याने खाली ठेवावा असं त्यांना वाटलं.

आणि त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती, जी कुणालाच सांगितलेली नव्हती. उशाखाली एक लाल कापडाची पिशवी, त्यात शैलाचा टाक. त्यांच्याकडे रीतच होती. पहिली गेली आणि घरात दुसरी आली, की पहिलीची चांदीची छोटी प्रतिमा करायची, तिला टाक म्हणायचं. दुसरीने तो गळ्यात घालायचा किंवा देवघरात पुजायचा. म्हणजे जी गेली तिला वाटायला नको, की आपली जागा गेली. कुसुमताईंनी तो कऱ्हाडच्या सोनाराकडून करून आणला होता, आणि सत्त्याऐंशी दिवस त्यावर डोकं ठेवून झोपत होत्या. पीएच.डी. करणाऱ्या मुलीला कसं म्हणायचं, की बाई, ही तुझी सवत, गळ्यात घाल? तिचा अपमान झाला तर? दिलाच नाही, तर शैलाचा? इकडे आड, तिकडे विहीर.

*

हायडेलबर्गला जाणारी एस-बान, म्हणजे तिथली लोकल, तेरा मिनिटं उशिरा आली आणि पुष्करने तेराही मिनिटं त्याबद्दल बोलून काढली. ईप्सिता आजीचा हात धरून बसली होती. मधूनच तो घट्ट धरत होती, जणू सोमवारची तालीम.

पुतळ्यांचा संग्रह विद्यापीठाच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. आत जाताना पिशव्या, कोट सगळं लोखंडी कप्प्यात ठेवायचं. कुसुमताईंनी पर्स कप्प्यात ठेवली, मग परत काढली, त्यातली लाल पिशवी काढून कनवटीला खोचली.

“काय आहे ते?” पुष्करने विचारलं.

“बीपीच्या गोळ्या.”

मैत्रेयीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कप्प्याची किल्ली फिरवली.

आत थंडी होती आणि पांढरी माणसं. कुणाला नाक नाही, कुणाला हात. मैत्रेयी त्यांच्यामधून अशी चालली जशी कुसुमताई भाजीमंडईतून चालत, कुणाशी थांबायचं आणि कुणाकडे बघायचंसुद्धा नाही हे पक्कं ठाऊक असल्यासारखी. खिडकीजवळच्या लाकडी चौथऱ्यापाशी ती थांबली.

“ही माझी सत्तेचाळीस.”

नुसतं डोकं आणि मान. कपाळावर बारीक कुरळ्या केसांचा उंच डोंगर, एकेक बट बोटावर गुंडाळून ठेवल्यासारखी. खाली लहानसा, आवळलेला चेहरा.

“समोरून काय वाटतं, आई?”

“श्रीमंत आहे,” कुसुमताई म्हणाल्या. “एवढे केस स्वतःच्या हातानं होत नाहीत, घरात दोन बायका ठेवलेल्या असणार. आणि तोंड असं केलंय, की आलेल्या पाहुण्याला चहा विचारावा की नको ते ठरत नाहीये.”

मैत्रेयी हसली. ईप्सितानेही तोंड तसं करून पाहिलं.

कुसुमताई सवयीने मागे गेल्या. बाईची वेणी मागून बघायची असते; पुढून सगळ्याच नीटनेटक्या. मागे जाड वेण्यांचं वेटोळं होतं, अंबाड्यासारखं. त्यांनी वाकून पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं.

“ही वेणी हिची नव्हे,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणालात?”

“पुढचे केस बघ, बारीक, ताणलेले. आणि मागची वेणी जाड, सैल हाताची. एका सकाळी एका बाईची घातलेली नाही ही. कानामागं या चार बटा आहेत, त्या तर तिसरीकडेच निघाल्यात. आणि कान केवढे! चेहरा एवढासा, कान कुणा दुसरीचे.”

मैत्रेयी खिडकीच्या कट्ट्यावर बसली. “हे लिहायला मला दीड वर्ष आणि एकशे दहा पानं लागली, आई.”

“म्हणजे खरंच?”

“खरंच.” तिने ईप्सिताला जवळ ओढलं. ती पोरीशी जर्मनमध्ये बोले, तेच मग सासूसाठी मराठीत सांगे. “इथे आधी दुसरीच बाई होती. नंतर कुणीतरी छिन्नी घेऊन तिचा चेहरा काढून टाकला आणि त्याच दगडात ही कोरली. मागे कुणी बघत नाही म्हणून वेणी तशीच ठेवली. कान कापता येईनात म्हणून कान राहिले. आणि दगड होता तेवढ्यातूनच नवा चेहरा काढायचा, म्हणून तो पहिल्यापेक्षा लहानच होतो. कारागीर कितीही चांगला असू दे, लहानच होतो.”

शेवटचं वाक्य तिने जरा हळू म्हटलं. कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांची मुलगी, डोळ्यांखाली काळं, हाताला दगडाची धूळ. गेले तीन महिने आपण तिच्या हातच्या आमटीत फक्त मीठ बघत होतो, असं त्यांना वाटलं.

“का पण असं? कुणाच्या रागानं?”

“माहीत नाही. कधी रागाने करायचे. कधी दगड महाग म्हणून. किंवा पहिली गेली असेल आणि त्याच घरात दुसरी आली असेल.”

पुष्करने फोन काढला. “दोन वीसची एस-बान आहे. ती चुकली तर एकदम तीनला.”

ईप्सिता डोक्याभोवती फेरी मारून आली होती. तिने मैत्रेयीला काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?”

“विचारतेय, पहिली बाई रागावत नाही का.” मैत्रेयी उठून उभी राहिली. “याचं उत्तर तुम्ही द्या, आई. यातलं तुम्हाला जास्त कळतं. काढा आता ती पिशवी.”

“कुठली पिशवी?”

“तुम्ही आल्यापासून उशाखाली आहे ती. चादरी मी बदलते हो घरातल्या.”

कुसुमताईंचे कान तापले. “तू उघडलीस?”

“नाही. हाताला लागलं, तेव्हाच कळलं, टाक आहे. माझ्या आत्याच्या गळ्यात होता. लहानपणी मला वाटायचं लक्ष्मी आहे. मग एकदा आत्याने सांगितलं, ही तुझ्या आतोबांची पहिली बायको, रोज आधी हिला हळदकुंकू लावते, मग मला.” मैत्रेयीने हात कुर्त्याला पुसले. “मला वाटलं, पहिल्या आठवड्यात द्याल. मग दुसऱ्यात. मग वाटलं, त्यांना मी त्या लायकीची वाटत नसेन.”

“अगं, मी भ्याले,” कुसुमताई म्हणाल्या. “तू एवढी शिकलेली. मला वाटलं, तुझा अपमान होईल.”

“काय चाललंय तुमचं?” पुष्कर पुढे आला. “कसला टाक? आई, तू म्हणालीस गोळ्या आहेत.”

“गोळ्या मी सकाळीच घेतल्या.”

त्यांनी कनवटीची पिशवी काढून तिची गाठ सोडली. चांदीची, बोटाच्या दोन पेरांएवढी पट्टी, त्यावर उभी बाई. मैत्रेयीने ती तळहातावर घेतली, खिडकीकडे वळवली, तिरकी धरून उजेड पाडला, सत्तेचाळीसला बघायची तशी.

“चेहरा तिच्यासारखा नाहीये,” कुसुमताई घाईने म्हणाल्या. “सोनाराकडे साचा एकच असतो. जगातल्या सगळ्या गेलेल्या बायका त्याच्याकडे सारख्याच. मी त्याला म्हटलं, निदान भांग तरी डावीकडं कर. तो म्हणाला, टाकावर असं करत नाहीत. मी दुकानात बसूनच राहिले. मग केलं त्यानं.”

“मी पण ईप्सूचा डावीकडेच पाडते,” मैत्रेयी म्हणाली. “पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातला कंगवा घेतला. का, ते मी विचारलं नाही. पुष्करलाही नाही. इथे रोज या दगडातली पहिली बाई शोधते आणि घरी जाऊन...” तिने वाक्य सोडून दिलं.

पुष्कर दोन पावलं मागे गेला होता. त्याच्या हातातल्या फोनचा उजेड गेला, तो त्याने परत लावला नाही.

ईप्सिता मैत्रेयीच्या कोपराशी येऊन उभी राहिली. टाचा उंचावून तिने टाकाकडे पाहिलं. तोंड नाही पाहिलं. एका नखाने त्या चांदीच्या डोक्यावरची रेघ पुढून मागे घासली. मग तेच नख स्वतःच्या भांगावरून फिरवलं. पुढून मागे. ती काही म्हणेल म्हणून तिघंही थांबली.

तिने दगडाच्या डोक्याकडे बोट केलं. प्रश्न जर्मनमध्ये होता, पण कुसुमताईंना मैत्रेयीने सांगावं लागलं नाही. ती पहिली. ती कुठे गेली?

मैत्रेयीने पुष्करकडे पाहिलं. पुष्करने खिडकीकडे.

“गावाला?” ईप्सिताने विचारलं. मराठीत. आणि तिने मैत्रेयीकडे नाही पाहिलं, बापाकडे नाही पाहिलं. आजीकडे पाहिलं. ज्या माणसाने सांगितलं होतं त्याच माणसाला विचारावं, तसं.

“ईप्सू, चल बेटा,” पुष्कर म्हणाला. त्याचा आवाज फाटला. “खाली आइस्क्रीमचं दुकान आहे, आपण तिथे...”

“थांब, पुष्कर.”

कुसुमताईंचे गुडघे गेली पाच वर्षं त्यांचं ऐकत नव्हते. वाकणं जमेना, तेव्हा त्या थंड फरशीवर सरळ बसल्याच, मांडी घालून. आता पोरीचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या वर होते. डावीकडचा भांग, त्यांनीच सकाळी पाडलेला, अगदी समोर. मैत्रेयीने टाकावर मूठ मिटली आणि ती त्यांच्या शेजारी फरशीवर बसली, खांद्याला खांदा लागेल अशी.

सोमवार तोंडाशी आला होता. बॅगेच्या तळाशी एक छोटा कंगवा होता, दात घासायचा ब्रश होता, आणि एका घराच्या दारात उभी एक बाई.

“नाही, बाळा,” कुसुमताई म्हणाल्या. “गावाला कुणी गेलेलं नाही. मी तुला खोटं सांगितलं होतं. तुझी आई शैला, ती मेली.”